साडेआठास एक

अठरा वर्षं सासरेबुवांनी जावयाला आपल्या टर्बो गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. शेवटी किल्ली दिली, आणि त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी इंजिन बसलं. यात चूक कोणाची, याचा निकाल ज्याने त्याने आपापल्या सासऱ्याकडे बघून लावावा.

जावई म्हणजे छटाकसाहेब. हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कचेरीत निरीक्षक होते, आणि दूधवाल्याच्या मापातली छटाकभर खोट त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायची, म्हणून कॉलनीने हे नाव ठेवलं होतं. चहात साखर घालतानाही चमचा सुरीने सपाट करणारा माणूस. बायको त्यांना 'अहो' म्हणे. त्या 'अहो'चं वजन प्रसंगाप्रमाणे बदलत असे, पण ते मोजायचं यंत्र मात्र कचेरीत नव्हतं.

सासरेबुवा अग्निशमन दलातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. चौथ्या मजल्यावरून शिडीने माणूस खांद्यावर टाकून उतरलेले. ती गोष्ट घरातल्या लहानथोरांना पाठ होती. मुलीच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी ही लाल गाडी घेतली. तिच्यात इतरांनी बसावं, मागे बसावं, पाय पुसून बसावं. चालवायची ती त्यांनीच. रेडिओ लावायला बंदी. वाटेत चढ आला की ते एक बोट वर करत, "ऐका," म्हणत आणि मोठ्या भक्तिभावाने तोंड खिडकीकडे फिरवत. मग खरोखरच एक बारीक, गोड शीळ ऐकू येई. ती थांबली की वळून म्हणत, "टर्बो!" मागच्या सीटवर सगळे माना डोलवत.

छटाकसाहेबांनी एकदाच, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, विचारलं होतं, "बाबा, मी चालवू का थोडी?"

"जावईबापू, मुलगी दिली तेवढं पुरे नाही का?"

सगळे हसले. छटाकसाहेबही हसले. पण ते लागलं ते लागलंच. मुलगी देताना ज्या माणसाने एका बैठकीत होकार दिला, त्याला गाडी द्यायला अठरा वर्षं पुरली नाहीत, म्हणजे आपली नेमकी किंमत किती, हा हिशोब ते अधूनमधून मनात मांडत आणि दर वेळी उत्तर कमीच येई.

आणि मग सासरेबुवांचा गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे ते मुलाकडे, तळमजल्यावर राहणार होते. गाडी लेकीच्या इमारतीखाली. जाताना त्यांनी किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली, वर त्याची मूठ मिटवली आणि ती मूठ जरा वेळ धरून ठेवली. "दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेवायची. जागेवर. हलवायची नाही. दहा म्हणजे दहा. तुम्ही मोजमापातले, म्हणून तुमच्याकडे देतोय."

छटाकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाटलं, बाबांच्या ऑपरेशनमुळे आलं.

पहिले दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी, इंजिन सुरू केल्यावर, त्यांच्या मनात आलं की आपलं मनगटी घड्याळ कचेरीने तपासलेलं नाही. दहा म्हणजे दहा! ते शिक्क्याचं घड्याळ आणायला वर निघाले. जिन्यापाशी सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगचे पट्टे मोजत होते, आणि तेही शिंप्याच्या कापडी टेपने. कापडी टेप ताणली जाते. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं छटाकसाहेबांच्या स्वभावात नव्हतं, आणि ऐकून घेणं सेक्रेटरींच्या स्वभावात नव्हतं. एक तास वीस मिनिटांनी दोघांच्याही नाकाला जळका वास आला. "तुमच्या घरी काही लागलंय वाटतं," सेक्रेटरी म्हणाले. लागलं होतं ते त्यांच्याच पाठीमागे, गाडीला. रबराची नळी फुटून सगळं पाणी वाहून गेलं होतं आणि लाल गाडीच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते.

ही गाडी पहिल्यापासून एकाच मिस्त्रीच्या हातातली. तो आला, त्याने बॉनेट उघडलं आणि टोपी काढली.

"हेड वाकलंय साहेब. इंजिनाचं झाकण म्हणा. उघडावं लागणार. मोठ्या साहेबांना कळवलंत?"

"नाही! आणि तुम्हीही कळवायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."

"बरं," मिस्त्री सुस्कारा टाकून म्हणाला, "आणखी एक."

"आणखी एक काय?"

"पाना. पाना द्या आणखी एक."

मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. हेड मशीनवर घासून सपाट करायचं, याला त्यांच्या भाषेत फेसिंग मारणं म्हणतात; मग मधे नवीन गॅस्केट, म्हणजे पातळ अस्तर, टाकायचं आणि बसवायचं. चार दिवसांचं काम. पण छटाकसाहेबांनी गाडीचं पुस्तक वाचलं, आणि शहाण्या माणसाने दुरुस्तीच्या वेळी जे कधी करू नये ते हेच. पुस्तकात लिहिलं होतं : कॉम्प्रेशन रेशो साडेआठास एक.

आता हा रेशो काय, ते छटाकसाहेबांनी बायकोला समजावलं तसंच सांगतो. साडेआठ खोल्यांतले पाहुणे एका खोलीत कोंबायचे, म्हणजे साडेआठास एक. साध्या गाडीत दहा खोल्यांतले कोंबले तरी भागतं. पण टर्बो म्हणजे दारात उभं राहून आणखी पाहुण्यांना आत ढकलणारा इसम. तो असला की मुळातलं कोंबणं कमी ठेवावं लागतं. नाहीतर भिंती फुटतात. आणि ती एक खोली म्हणजे हेडमधला वाटीएवढा खळगा. असे चार खळगे. पुस्तकाप्रमाणे हिशोब करता प्रत्येकात साठ मिलिलिटर मावलं पाहिजे. हेड जितकं घासाल तितका खळगा उथळ होणार, आणि तितकं कोंबणं वाढणार.

"साठच आहे का, ते मोजलंत?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"अंदाजे असतं साहेब. चालून जातं."

'चालून जातं.' हे दोन शब्द छटाकसाहेब बावीस वर्षं दूधवाल्यांच्या, तेलवाल्यांच्या आणि काटेवाल्यांच्या तोंडून ऐकत आले होते आणि त्या प्रत्येकावर त्यांनी खटला भरला होता. ते घासलेलं हेड टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"आता जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"पलीकडे आहे की जागा."

"तिथे तुमचं गॅस्केट आहे."

बातमी कॉलनीभर झाली. सेक्रेटरी स्वतःला थोडे अपराधी समजत होते, म्हणून आधी सल्ला द्यायला आले आणि मग राहत्या जागेत यंत्रसामग्री ठेवल्याची नोटीस द्यायला आले. सल्ला असा होता की एकाऐवजी दोन गॅस्केटं घाला, थंडीत आपण दोन स्वेटर घालतो तशी. खालच्या मजल्यावरचे केमिस्ट मात्र कामाची वस्तू घेऊन आले : साठ मिलिलिटरची सिरिंज.

"हिच्यात रॉकेल भरा आणि खळग्यात सोडा. काठोकाठ भरला की बघा किती गेलं. पाच मिनिटांचं काम."

"हिच्यावर कचेरीचा शिक्का कुठे आहे?"

"अहो साहेब, हिने आम्ही माणसांना औषध देतो!"

"ते तुम्ही आणि ती माणसं बघून घ्या," छटाकसाहेब म्हणाले. केमिस्टांनी सिरिंज खिशात घातली आणि पुढचे तीन आठवडे ते जिन्यात भेटले की त्यांच्या खिशाकडे बघणंही छटाकसाहेबांना नको वाटे.

खात्रीची मोजनळी गावात एकच, त्यांच्या स्वतःच्या कचेरीत. दुसऱ्या दिवशी ते हेड घेऊन तिथे गेले. मोजनळी वरिष्ठ लिपिक बाईंच्या ताब्यात असे. बाई छटाकसाहेबांच्याच हाताखाली तयार झालेल्या, त्यामुळे त्यांच्याकडून सवलतीची आशा नव्हती.

"सर, नियम चौदा. कचेरीचं माप फक्त नोंदणी झालेल्या भांड्यासाठी."

नियम चौदा छटाकसाहेबांनीच लिहिला होता. तो लिहिला त्या दिवशी त्यांना किती समाधान वाटलं होतं, हे आठवून त्यांना गहिवरल्यासारखं झालं. त्यांनी मुकाट्याने अर्ज घेतला.

"भांड्याचा प्रकार? दूध, तेल, रॉकेल, इतर?"

"इतर."

"यातून काय विकता?"

"काही विकत नाही, बाई. यात पेट्रोल जळतं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आणि ही तळाची भोकं? गळकं भांडं नोंदवता येत नाही."

"व्हॉल्व्ह आहेत ते. बंद होतात."

"तोट्या असलेलं भांडं," असं बाईंनी लिहिलं. मग काम झालं ते मात्र देखणं झालं. बाईंनी खळग्यावर काच ठेवली, काचेच्या भोकातून थेंब थेंब रॉकेल सोडलं, आणि चारही खळग्यांत बरोबर साठ मिलिलिटर भरलं. साठ! म्हणजे साडेआठास एक! छटाकसाहेबांना वाटलं, बाईंना मिठी मारावी. पण नियम आड आला असता. ते हेड उचलायला वाकले, तेवढ्यात बाईंनी खणातून पोलादी ठसा आणि हातोडा काढला.

"हे काय?"

"सर, नियम सोळा. तपासलेल्या प्रत्येक भांड्याच्या काठावर ठसा. नखाला लागेल इतका खोल."

हाही नियम त्यांचाच. काठावर ठसा नाही म्हणून त्यांनी दूधवाल्यांच्या बरण्या रस्त्यात ओतल्या होत्या. आता स्वतःसाठी ते काय बोलणार? खळगे चार, म्हणून ठसे चार. बाईंचा हात जड होता. प्रत्येक ठोक्याला छटाकसाहेब खुर्चीत बसल्या बसल्या एक बोट खाली जात होते.

मिस्त्रीने हेड बघितलं आणि खालीच बसला. "साहेब, हा काठच तर गॅस्केटवर बसतो! इथे ओरखडा चालत नाही, आणि तुम्ही नक्षी काढून आणलीत? परत घासावं लागेल."

परत घासलं. ठसे गेले, पण त्यांच्याबरोबर खळग्याची खोलीही गेली. आता साठ नाहीत हे नक्की, मग किती? शिवाय कचेरीचा ठसा पुसणं हा नियम बावीसप्रमाणे गुन्हा, आणि त्याबद्दल नोटीस काढण्याचे अधिकार निरीक्षकांना. छटाकसाहेबांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून स्वतःला नोटीस काढली. घरी येऊन ती सही करून घेतली. खुलासा लिहिला. परत कचेरीत जाऊन तो वाचला, तर समाधानकारक वाटला नाही. भाषा उद्धट होती. त्यांनी स्वतःला समक्ष बोलावलं, समज दिली आणि पुन्हा असं होणार नाही असं लिहून घेतलं.

मग पुन्हा अर्ज, पुन्हा रॉकेल. या खेपेला सत्तावन्न मिलिलिटर. म्हणजे आठ पूर्णांक नऊ. आणि पुन्हा ठसे! छटाकसाहेबांनी बाईंना हळूच सुचवलं की भांडं काचेचं असेल तर ठशाऐवजी चिठ्ठी चालते. बाईंनी हेडवर टिचकी मारून बघितली आणि मान हलवली. पुन्हा घासणं, पुन्हा नोटीस. तिसऱ्या खेपेला साडेत्रेपन्न, म्हणजे नऊ पूर्णांक चार. ठसा चौथ्यांदाही बसला असता, पण त्या दिवशी मिस्त्रीने हेड घासलं आणि ते परत द्यायलाच तयार होईना.

"आता कचेरीत न्यायचं नाही साहेब. अजून दोनदा नेलंत तर हेडचा तवा होईल."

जाड गॅस्केट मिळालं असतं तर पाहुण्यांची खोली पुन्हा मोठी करता आली असती. पण या गाडीची जाड गॅस्केटं निघणं कधीच बंद झालं होतं, आणि दोन स्वेटरांचा सल्ला मिस्त्रीने ऐकून घेतला नाही.

त्याच दिवशी बायकोने फोन ठेवला आणि सांगितलं, "बाबा येत्या रविवारी येतायत. गुडघा छान आहे. फक्त हॉस्पिटलात त्यांची कवळी हरवली ना, ती नवीन केलेली अजून नीट बसत नाही. चिडचिड करतायत. म्हणाले, एकदा गाडीतून फिरलो की बरं वाटेल."

छटाकसाहेबांच्या डोळ्यांपुढे तो रविवार उभा राहिला. रविवारी सासरेबुवा गाडीत बसणार, चढ येणार, टर्बो पाहुण्यांना ढकलणार, भिंती फुटणार. आणि इंजिन एक वेळ दुसरं मिळेल; पण ती मूठ मिटवून दिलेली किल्ली? 'तुम्ही मोजमापातले, म्हणून तुमच्याकडे देतोय' हे वाक्य? अठरा वर्षांनी मिळालेली पत तीन आठवड्यांत घालवणारा जावई म्हणून आपली गोष्ट यापुढे चौथ्या मजल्याच्या गोष्टीनंतर लगेच सांगितली जाईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. ते मिस्त्रीच्या गॅरेजात एका टायरवर बसले आणि सगळं जसंच्या तसं बोलून मोकळे झाले. शेवटी म्हणाले, "मी स्वतः जाऊन बाबांना सांगतो. तुम्ही फक्त एवढं सांगा, टर्बो चालू झाल्यावर इंजिन किती वेळ टिकेल?"

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"साहेब, टर्बोची काळजी करू नका."

"का?"

"शपथ आहे मला." मग त्याने छटाकसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, उठला, पाना घेतला आणि इंजिनाच्या कडेचं ते शंखासारखं लोखंडी भांडं उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. छटाकसाहेबांनी आत डोकावलं. जिथे पंखा असायचा तिथे काही नव्हतं. आरपार मिस्त्रीचा पाय दिसत होता.

"अठरा वर्षं झाली. गाडी घेतली त्याच महिन्यात चढावर टर्बो लागला, गाडीने एकदम ओढ घेतली, आणि मोठे साहेब घाबरले. मला म्हणाले, आत काही ठेवू नकोस, पण बाहेरून दिसू दे. आगीतून उतरलेला माणूस आहे, लोक काय म्हणतील?"

"अहो, पण मग ती शीळ?"

मिस्त्री छपराकडे बघू लागला. "ती शपथ वेगळी आहे साहेब. ती मी मोडणार नाही."

मोडायची गरजही नव्हती. रेडिओला बंदी. तोंड खिडकीकडे. दुसऱ्या कोणी चालवायची नाही. कारण दुसऱ्याने चालवली तर त्याला शीळ कुठून येते ते शेजारी बसल्या बसल्या दिसेल. छटाकसाहेब टायरवर बसून राहिले. म्हणजे अठरा वर्षं त्यांना कोणी कमी लेखलंच नव्हतं! म्हातारा जावयाला भीत नव्हता की तुच्छही मानत नव्हता. तो आपली शीळ सांभाळत होता. त्यांना इतकं हलकं वाटलं की टायर सोडून वर जातो की काय असं झालं.

"मग आता रेशो किती हवा?"

"टर्बो नाही, म्हणजे साधी गाडी. दहापर्यंत झकास. एवढी वर्षं साडेआठावर बिचारी धापा टाकत होती."

दहा! त्यांनी त्याच पावली घर गाठलं आणि केमिस्टांचं दार वाजवलं. केमिस्ट काही बोलले नाहीत. नुसती खिशातून सिरिंज काढून समोर धरली. असं न बोलणं फार टोचतं. गॅरेजात दोघांनी मिळून मोजलं. पन्नास मिलिलिटर. दहास एक, अगदी बरोबर. शिक्का नसलेल्या मापाने मोजलेला तो छटाकसाहेबांच्या आयुष्यातला पहिला आकडा, आणि त्यांना तो पूर्ण पटला.

रविवारी सासरेबुवा काठी टेकत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरून हात फिरवला. क्लच दाबायला डॉक्टरांनी अजून महिनाभर मनाई केली होती. ते किल्लीकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि मग कवळी सावरत म्हणाले, "चालवा."

छटाकसाहेबांनी स्टिअरिंग धरलं. शेजारी सासरेबुवा, मागे बायको. गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. सासरेबुवा दोनदा चमकून जावयाकडे बघते झाले. काय बदललंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

मग चढ आला. सवयीने त्यांचं बोट वर गेलं. "ऐका," ते म्हणाले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीच्या काचेवर नुसती वाफ धरली. फुस्स. त्यांनी कवळी अंगठ्याने वर दाबून पुन्हा ओठ आवळले. फुस्स.

"बाबा," मागून बायको म्हणाली, "टर्बो वाजला नाही का हो? अहो, तुम्ही काही बिघडवलंत की काय गाडीचं?"

सासरेबुवांचं बोट तसंच हवेत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि चौथ्या मजल्यावरून उतरलेला तो माणूस एवढासा दिसत होता. छटाकसाहेबांना त्यांची फार माया आली. त्यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत थेंबभर खोटं माप कोणाला दिलं नव्हतं. त्यांनी समोर रस्त्याकडे नजर ठेवली, ओठांचा चंबू केला आणि चढ संपेपर्यंत बारीक, गोड शीळ घातली.

"हां, वाजला!" बायको म्हणाली आणि निवांत मागे टेकली.

सासरेबुवांनी हळूहळू बोट खाली घेतलं. जावयाकडे बघितलं. पुढचं वळण गेलं तेव्हा कुठे ते पुढे झुकले आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "जावईबापू, चढाच्या सुरुवातीला नसते ती. अर्धा चढ झाल्यावर येते."

"बरं, बाबा."

"पुढच्या रविवारी परत बघू," असं म्हणून त्यांनी सीटवर मान टेकली आणि डोळे मिटून घेतले.